वादविवादाचा संघ परदेशात नेताना

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या स्पर्धेत मोशन, म्हणजे वादाचा विषय, जाहीर झाल्यापासून पहिला वक्ता उभा राहीपर्यंत 15 मिनिटं मिळतात. त्या 15 मिनिटांत संघातल्या दोघांनी फक्त एकमेकांशी बोलायचं. प्रशिक्षकाला विचारायचं नाही, इंटरनेट उघडायचं नाही. म्हणजे संघाबरोबर गेलेल्या माणसाचं सगळं काम त्या 15 मिनिटांच्या आधीचं. मुलं नीट झोपलेली आहेत, वेळेवर जेवली आहेत, खोली कुठे आहे ते त्यांना माहीत आहे आणि परतीच्या तिकिटाची किंवा हरवलेल्या बॅगेची काळजी त्यांच्या डोक्यात नाही, एवढं साधलं की आपलं काम झालं. संघ घेऊन निघताना मी प्रत्येक निर्णय याच कसोटीवर तपासते. याने मुलांचं डोकं मोकळं राहील का? राहणार नसेल, तर तो निर्णय कितीही स्वस्त किंवा सोयीचा असला तरी मी घेत नाही.

आधी नियमावली, मग तिकीट

कोणती स्पर्धा आहे त्यावर संघाचा आकार ठरतो. विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत एका संघात दोन वक्ते असतात आणि एका फेरीत चार संघ एकमेकांसमोर येतात. शालेय जागतिक स्पर्धेत देशाच्या संघात तीन ते पाच जण असतात आणि प्रत्येक वादात तिघं बोलतात. तिथे काही मोशन आधीपासून माहीत असतात, बाकीच्यांना तासाभराची तयारी मिळते. त्यामुळे शालेय संघाच्या सामानात आधी तयार केलेल्या केसचे, म्हणजे आपली बाजू मांडणाऱ्या मुद्द्यांचे, कागद असतात आणि पाच जणांतले कोणते तिघं कधी बोलणार हे ठरवायचं अवघड काम असतं. विद्यापीठाच्या जोडीला कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि चालणारी पेनं एवढं पुरतं.

नावनोंदणीचं शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी वाचून घ्या. शुल्कात राहणं आणि जेवण कोणत्या दिवसाच्या कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत धरलं आहे. माघार घेतली तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात. आणि संघांच्या संख्येच्या प्रमाणात किती परीक्षक आणायचे आहेत. हा तिसरा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतो. मोठ्या स्पर्धा सहभागी संस्थांनी आणलेल्या परीक्षकांवरच चालतात. ठरलेला परीक्षक आला नाही तर दंड होऊ शकतो, कधी संघाची जागाही जाते.

परीक्षकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मला फार कळकळ आहे. वक्त्यांच्या निवडीतून राहिलेला कुणीतरी परीक्षक म्हणून नेऊ नका. चांगला परीक्षक म्हणजे संघातला तिसरा विचार करणारा माणूस. तो दिवसभर इतरांचे वाद ऐकतो, वेगवेगळ्या देशांतल्या सहपरीक्षकांबरोबर बसून निकाल ठरवतो. तिथले लोक कोणत्या युक्तिवादाला वजन देतात हे त्याला वक्त्यांपेक्षा आधी कळतं. अनेक स्पर्धांमध्ये परीक्षकांना आधी चाचणी द्यावी लागते आणि अनुभवाचा तपशील भरावा लागतो. त्यावर त्यांचं प्राथमिक मूल्यांकन ठरतं. म्हणून वक्त्यांचा सराव चालू असताना परीक्षकाचाही सराव घ्या. प्रत्येक सराव-वादानंतर त्याला उभं करून निकाल कारणांसह सांगायला लावा.

भाषा-गटाचा अर्जही याच टप्प्यावर भरायचा असतो. विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत खुल्या गटाबरोबर इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांचा आणि परकीय भाषा असणाऱ्यांचा असे वेगळे गट आहेत. शिक्षण किती वर्षं इंग्रजीतून झालं अशी माहिती त्यासाठी विचारतात. मुलं कधीकधी संकोचतात, आपण कमी प्रतीचे ठरू असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. पात्र असाल तर अर्ज करा. खुल्या गटातून बाद फेरीत जाण्याची वाट त्यामुळे बंद होत नाही.

कागदपत्रं

निमंत्रणपत्र आयोजकांकडून येतं, आणि बहुतेक वेळा शुल्क भरल्यावरच येतं. त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. म्हणून नावनोंदणीचा अर्ज मुलांच्या आठवणीवर भरू नका, पासपोर्ट समोर ठेवून भरा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी असं मी धरून चालते. अनेक देशांचा तसा नियमच आहे. शेंगेन देशांत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला लागतो. शिवाय शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. तो अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि फार तर पंधरा दिवस आधीपर्यंत. पंधरा दिवसांचा हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. भेटीची वेळच महिनाभर मिळत नाही असं होतं.

विद्यापीठांची जागतिक स्पर्धा वर्षाच्या अखेरीस असते, साधारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत वकिलातींना सुट्ट्या असतात आणि विमानं भरलेली असतात. डिसेंबरच्या मध्यावर व्हिसा अडकला तर दाद मागायला खिडकीपाशी कुणी नसतं. उन्हाळा संपताना संघ निवडून झाला असेल तर निवांतपणे सगळं होतं. निवड ऑक्टोबरपर्यंत रेंगाळली की धावपळ आलीच.

संघातल्या दोघांपैकी एकाचा व्हिसा नाकारला गेला तर काय, हे निवडीच्या दिवशीच ठरवा. राखीव वक्त्याचा व्हिसाही मूळ वक्त्यांबरोबरच काढून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. खर्च वाढतो, पण नाहीतर उरलेल्या एकट्या मुलाचं वर्षभराचं काम वाया जातं.

तिकीट काढताना मधल्या विमानतळाकडे नीट पाहा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर सामान बहुधा शेवटच्या ठिकाणापर्यंत जातं. दोन वेगळी तिकिटं जोडली तर मध्ये सामान उचलून पुन्हा जमा करावं लागू शकतं. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्याचाही व्हिसा लागू शकतो. काही देशांत तर विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तो नियम प्रवाशाच्या पासपोर्टनुसार बदलतो. संघात वेगवेगळ्या देशांचे नागरिक असतील तर प्रत्येकाचं स्वतंत्रपणे तपासा. एकाला चालतं म्हणून दुसऱ्याला चालेल असं नाही.

अठरा वर्षांखालची मुलं असतील तर दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र न्या. काही ठिकाणी ते नोटरी केलेलं लागतं. त्यात प्रवासाच्या तारखा, सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव आणि वैद्यकीय उपचारांना संमती हे स्पष्ट लिहिलेलं असावं. प्रत्येक मुलाची ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचे दोन फोन नंबर यांचा एक कागद माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असतो. फोनमध्ये असतो तो वेगळा.

सीमेवरचा अधिकारी प्रत्येकाला वेगळं बोलावतो. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार, खर्च कोण करतंय? उत्तरं खरी आणि सगळ्यांची सारखी असली पाहिजेत. वादविवाद करणारी मुलं प्रश्न आला की सवयीने मुद्दे मांडू लागतात. त्यांना आधीच सांगा, इथे एका प्रश्नाला एक वाक्य. निमंत्रणपत्र, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट छापील स्वरूपात प्रत्येकाच्या हातात हवं, कारण रांगेत फोनला नेटवर्क असेलच असं नाही.

सामान

यावर फार लिहिण्यासारखं नाही. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. 100 वॉट-तासांपर्यंतची सहसा विनापरवानगी नेता येते. 20,000 मिलीअँपिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक साधारण 74 वॉट-तासांची असते, म्हणजे ती या मर्यादेत बसते. हातातल्या सामानात द्रवाच्या बाटल्या 100 मिलीलीटरपर्यंतच्या न्याव्यात. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पहिल्या दिवसाचे कपडे, एक स्टॉपवॉच आणि टाचण लिहायचं सगळं साहित्य केबिनमध्ये. बॅग उशिरा पोचली तरी पहिली फेरी व्यवस्थित झाली पाहिजे. स्टॉपवॉच वेगळं सांगते, कारण फोन कधी बंद पडेल सांगता येत नाही आणि अनेक वक्त्यांना सात मिनिटांच्या भाषणाचा अंदाज घड्याळ समोर असल्याशिवाय राहत नाही.

पोचण्याचा दिवस

नोंदणीच्या दिवशी पोचायचं नाही. त्याच्या दोन दिवस आधी पोचायचं. वेळेत जितक्या तासांचा फरक, ढोबळमानाने तितके दिवस शरीराला जुळवून घ्यायला लागतात. पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, कारण शरीराला लवकर झोपायला लावणं अवघड असतं. पाच-सहा तासांचा फरक असेल तर निघण्याच्या आधीच्या आठवड्यापासून झोपेची वेळ रोज थोडी सरकवत न्या. पोचल्यावर दिवसा उजेडात चालायला लावा. दुपारची झोप द्यायचीच असेल तर अर्ध्या तासाच्या वर नको.

या दोन दिवसांत सराव-वाद घेऊ नये असं मला वाटतं. त्याऐवजी मुलांना स्पर्धेच्या इमारतीपर्यंत चालत नेते. मोशन जिथे जाहीर होणार ते सभागृह, तिथून खोल्यांकडे जाणारे जिने, पाण्याची जागा, स्वच्छतागृहं हे सगळं आधी पाहून झालं पाहिजे. मोशन जाहीर झाल्यावर शेकडो लोक एकदम जिन्याकडे धावतात. खोली शोधण्यात चार मिनिटं गेली तर तयारीला अकराच उरतात. ड्रॉ, म्हणजे कोणता संघ कोणत्या खोलीत कोणत्या जागेवरून बोलणार याची यादी, आता बहुधा टॅबीकॅटसारख्या प्रणालीवरून फोनवर येतो, म्हणून फोन चार्ज केलेला आणि नेटवर्क चालू असणं ही चैन राहिलेली नाही. निघण्यापूर्वीच प्रत्येकाकडे स्थानिक सिम किंवा ई-सिम असेल अशी व्यवस्था करा.

अनोळखी कानांसाठी बोलणं

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. आपल्या देशातल्या स्पर्धेत एखाद्या कायद्याचं किंवा आंदोलनाचं नुसतं नाव घेतलं की परीक्षक मान डोलावतो. परदेशात ते नाव कुणाला माहीत नसतं. विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत परीक्षकाने 'सामान्य, सुजाण मतदार' म्हणून ऐकायचं असतं. हा मतदार वर्तमानपत्र वाचतो, पण कुठल्याच विषयातला तज्ज्ञ नसतो. त्याला तुमच्या देशातलं उदाहरण द्यायचं तर एका वाक्यात संदर्भ द्यायला हवा: काय होतं, कुणावर परिणाम झाला, आणि आत्ताच्या मुद्द्याशी त्याचा संबंध काय. मी मुलांना त्यांची आवडती दहा उदाहरणं लिहायला सांगते आणि प्रत्येकाला हे एक वाक्य जोडून घेते. जे उदाहरण एका वाक्यात समजावता येत नाही ते घरी ठेवायचं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एखाद्या देशातल्या युद्धावर किंवा अल्पसंख्याकांवर मोशन येतं, आणि त्याच देशातला मुलगा समोरच्या बाकावर बसलेला असतो. त्याचं घर तिथे असतं. जवळपास सगळ्या मोठ्या स्पर्धांमध्ये आता इक्विटी समिती, म्हणजे सगळ्यांना सन्मानाने वागवलं जातंय ना हे पाहणारी समिती, असते आणि तिचे नियम सुरुवातीच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात. ते ब्रीफिंग कुणीही बुडवायचं नाही. 'तिथले लोक असेच असतात' अशा थाटाची वाक्यं सरावातच काढून टाका. ती दुखावतात, आणि युक्तिवाद म्हणूनही पोकळ असतात. तुमच्याच मुलांना कुणी लागेल असं बोललं तर इक्विटी अधिकाऱ्याकडे कसं जायचं, तेही त्यांना माहीत हवं. फेरीत भांडायचं नाही, त्रास गिळायचाही नाही.

उच्चारांची तयारी कानाने करायची. निघण्याच्या महिनाभर आधीपासून वेगवेगळ्या खंडांतल्या वक्त्यांच्या अंतिम फेऱ्यांची चित्रणं ऐकवा आणि ऐकता ऐकता टाचणं लिहून घ्या. समोरच्याचं वाक्य कळलं नाही तर खंडन चुकीच्या मुद्द्यावर जातं. स्वतः बोलताना पहिलं अर्धं मिनिट मुद्दाम सावकाश. ऐकणाऱ्याचा कान बसला की मग वेग वाढवा. सात मिनिटांच्या भाषणात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मध्ये पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे समोरच्या बाजूचे छोटे प्रश्न, घेता येतात. निदान एक घ्यायचा, पण तोही नीट ऐकू आला नसेल तर 'पुन्हा सांगा' म्हणायला कचरू नका.

फेऱ्यांचे दिवस

विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत नऊ प्राथमिक फेऱ्या होतात, रोज तीन. प्रत्येक फेरीत पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. पुढची फेरी सारख्या गुणांच्या संघांत लागते. म्हणजे जिंकत गेलात की समोरचे संघ अवघड होत जातात, आणि हरल्यावरची फेरी तुलनेने सावरायला वाव देते. मुलांना हे आकड्यांत समजावून सांगा. पहिल्याच फेरीत चौथा क्रमांक आला की त्यांना सगळं संपल्यासारखं वाटतं. त्या वेळी 27 पैकी 24 गुण अजून समोर आहेत हे सांगणारा माणूस शेजारी हवा.

पहिल्या सहा फेऱ्यांत निकाल आणि त्याची कारणं लगेच कळतात. तेव्हा 'आम्ही का हरलो' असं विचारू नये. 'आमच्या वरच्या संघाच्या तुलनेत आमचं काय कमी पडलं' असं विचारावं. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत निकाल तुलनेतूनच ठरतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या फेरीत वापरता येतं. दोघांपैकी एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. परीक्षकाशी वाद घालायचा नाही. नंतर बाहेर येऊन मला दोन मिनिटं तक्रार सांगितली तर मी ऐकते, मग विषय बंद.

सातवी, आठवी आणि नववी फेरी बंद असते. निकाल सांगत नाहीत. हे तास मुलांना सगळ्यात जड जातात. प्रत्येक जण मनात गुण मोजतो, दुसऱ्या संघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतो. जोडीदार एकमेकांवर चिडतात तेही इथेच. या दिवशी मी मुलांना टॅब, म्हणजे गुणतक्ता, पुन्हा पुन्हा उघडू देत नाही. फेरी झाली की बाहेर उजेडात न्यायचं, पाणी, काहीतरी पोटात, आणि आधीच्या फेरीबद्दल एक अक्षर नाही. दोघांपैकी एकाला एकटं राहायचं असेल तर राहू द्या. जोडीदाराचा थकवा ओळखण्याची सवय सरावात लागलेली असेल तर इथे फार उपयोगी पडते.

संध्याकाळचे कार्यक्रम असतात आणि मुलांनी तिथे जावंही, कारण मैत्री तिथेच होते. परतण्याची वेळ मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवायची आणि ती मोठ्यांनाही लागू. झोपेत दोन तासांची कपात झाली की दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या फेरीत ती ऐकू येते. वाक्यं लांबतात, खंडन एका मुद्द्यावर अडकतं.

ब्रेक

ब्रेक म्हणजे प्राथमिक फेऱ्यांतून बाद फेऱ्यांत जाणं. खुल्या गटात पहिले 48 संघ पुढे जातात. त्यातले पहिले सोळा थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, उरलेले बत्तीस त्याआधी एक बाद फेरी खेळतात. भाषा-गटांचे आणि परीक्षकांचे ब्रेक वेगळे जाहीर होतात. यादी वाचली जात असताना मी मुलांच्या मधोमध बसते. शेकडो संघांत बहुतेकांचं नाव येत नाही, आणि ज्यांचं येत नाही त्यांना सगळ्यांसमोर टाळ्या वाजवत बसावं लागतं. ते अवघड आहे, आणि त्या वेळी काही समजावण्याचा प्रयत्न करू नये.

परीक्षकाचं नाव आलं आणि वक्त्यांचं नाही, असं होतं. तेव्हा परीक्षकाचं मनापासून, मोठ्याने कौतुक व्हायला हवं. तो संघाचाच माणूस आहे, आणि त्याने आपला आनंद लपवावा असं कुणालाही वाटता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्रेक झालेला असो वा नसो, बाद फेऱ्या बघायला जायचंच. हे माझ्याकडे ऐच्छिक नाही. जगातले उत्तम वक्ते पंधरा मिनिटांच्या तयारीनंतर काय करतात हे एकाच खोलीत बसून ऐकायला मिळतं. मोशन जाहीर झाल्यावर आपल्या मुलांनीही 15 मिनिटं तयारी करायची, चारही जागांच्या केस ढोबळ मांडायच्या आणि मग वाद ऐकायचा. आपल्याला न सुचलेला मुद्दा कोणता होता, तो त्यांना कसा सुचला असेल, यावर नंतर तासभर बोलणं होतं. पुढच्या वर्षीच्या संघाचं शिक्षण इथे सुरू होतं.

परतताना

विमानात बसण्यापूर्वी प्रत्येकाकडून दोन पानं लिहून घ्या: सगळी मोशन, कोणती जागा मिळाली, काय मांडलं, परीक्षक काय म्हणाले. घरी पोचून लिहू म्हटलं की आठवड्यात निम्मं विसरलेलं असतं. सोबत व्यवस्थेचीही नोंद ठेवा. व्हिसाला प्रत्यक्षात किती दिवस लागले, कोणता कागद आयत्या वेळी मागितला, कोणत्या मधल्या विमानतळावर वेळ कमी पडला. पावत्यांचे फोटो त्या त्या संध्याकाळी काढलेले असतील तर हिशोब परतीच्या प्रवासातच पूर्ण होतो. या सगळ्याची एक फाइल करून पुढच्या वर्षी जो संघ नेणार आहे त्याच्या हाती द्या. तो माणूस अजून ठरला नसेल तर याच संघातल्या, पुढच्या वर्षी बोलता येणार नाही अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारा. व्हिसाच्या रांगेपासून बंद फेऱ्यांपर्यंत सगळं त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं.